नोट जुनी, मोल किती?

जुन्या कागदी चलनाविषयी खान्देशातील वाचकांनी पाठविलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्न या अंकात घेतले आहेत. नोट प्रत्यक्ष हातात घेऊन उजेडात धरून पाहिल्याखेरीज तिची नेमकी किंमत सांगणे जबाबदारीचे होणार नाही. म्हणून रुपयांचा आकडा देण्यापेक्षा तो आकडा कशावर ठरतो, हे सांगण्याकडे उत्तरांचा कल ठेवला आहे.

प्रश्न : आमच्या पणजोबांची कापसाची अडत होती. त्यांच्या एका खतावणीत शंभर रुपयांची, एकाच बाजूने छापलेली नोट सापडली. परंतु ती मधोमध कापलेली असून मागून कागदाची पट्टी चिकटवून जोडलेली आहे. अशा फाटक्या नोटेला संग्राहकांकडे काही किंमत असते का? (एक वाचक, धरणगाव)

उत्तर : आपली नोट फाटलेली नसून, बहुधा जाणूनबुजून कापलेली आहे. एकोणिसाव्या शतकात मोठी रक्कम टपालाने पाठवायची असेल, तर व्यापारी नोटेचे दोन तुकडे करीत, एक तुकडा आधी रवाना करीत आणि तो पोहोचल्याची पोच आली की दुसरा पाठवीत. वाटेत एक तुकडा चोरीला गेला, तरी चोराला त्याचा उपयोग होत नसे. घेणारा दोन्ही तुकड्यांचे क्रमांक ताडून पाही आणि मागून पट्टी लावून नोट पुन्हा अखंड करी. आपण आपल्या नोटेचे दोन्ही क्रमांक आधी जुळवून पाहावेत. ते एकच असतील, तर ती पट्टी हा दोष असला तरी तो इतिहासाने दिलेला दोष आहे, आणि जाणकार संग्राहक त्याकडे निराळ्या नजरेने पाहतात. अखंड नोटेइतका भाव तिला येणार नाही. तरीही तशी जोडलेली नोट आणि कोणाच्या तरी निष्काळजीपणाने फाटलेली नोट यांना एकाच तागडीत घालणारा व्यापारी भेटला, तर दुसऱ्याकडे जावे.

नोटा काढण्याचा अधिकार 1861 च्या कायद्याने सरकारने स्वतःकडे घेतला. त्यापूर्वी बँक ऑफ बेंगॉल, बँक ऑफ बॉम्बे आणि बँक ऑफ मद्रास या इलाखा बँका स्वतःच्या नोटा काढीत असत. सरकारने प्रथम व्हिक्टोरिया राणीचे चित्र असलेल्या नोटा काढल्या. त्यांच्या बनावट नोटा निघू लागल्याने 1867 पासून एका बाजूने छापलेल्या नोटा आल्या आणि त्या पुढे कित्येक दशके चालू राहिल्या. आपली नोट याच कुळातील असावी. तिच्यावर निघाल्याची तारीख आणि ठिकाण छापलेले असते. त्या काळी देशाची चलन-मंडळे केलेली होती, ज्यांना सर्कल म्हणत, आणि एका मंडळाची नोट मूळ नियमाप्रमाणे त्याच मंडळात कायदेशीर चलन असे. ही अट 1903 ते 1911 या काळात एकेका दर्शनी मूल्याच्या नोटेसाठी उठत गेली, आणि शंभराच्या नोटेसाठी ती 1911 मध्ये उठली. खान्देश मुंबई इलाख्यात असल्याने आपल्याकडच्या जुन्या पेढ्यांत मुंबई मंडळाच्या नोटा सापडणे स्वाभाविक आहे. आपल्या नोटेवर कानपूर, लाहोर, कराची किंवा रंगून यांपैकी नाव असेल, तर मात्र ती लगेच जाणकाराला दाखवावी, कारण तारीख आणि सही तीच असूनही केवळ मंडळाच्या नावामुळे किंमत कित्येक पटींनी बदलू शकते.

एक कृपा करावी. ती जुनी पट्टी पाण्याने भिजवून काढण्याचा प्रयत्न करू नये, आणि ज्या खतावणीत नोट सापडली तीही रद्दीत घालू नये. ज्या पानांत ती होती त्या पानांवरील व्यवहाराची नोंद सापडली, तर नोटेसोबत त्या पानाचेही मोल होईल.

प्रश्न : पंचम जॉर्ज यांच्या काळातील एक रुपयाच्या सहा नोटा आणि 'दोन रुपये आठ आणे' अशी एक नोट आमच्याकडे आहे. एका ओळखीच्या सराफांनी सगळ्या मिळून पाच हजार देऊ केले. द्यावे का? (एक वाचक, चोपडा)

उत्तर : देऊ नये, निदान अडीच रुपयांची नोट खरी आहे की नाही हे ठरेपर्यंत तरी मुळीच देऊ नये.

पहिल्या महायुद्धात चांदीचा तुटवडा पडला आणि रुपयाची नाणी पुरेनाशी झाली. म्हणून सरकारने 30 नोव्हेंबर 1917 रोजी एक रुपयाची आणि 1918 च्या जानेवारीत दोन रुपये आठ आण्यांची नोट काढली. लोकांना कागदी रुपया नाण्याच्या जागी पटावा म्हणून एक रुपयाच्या नोटेवर रुपयाच्या नाण्याचेच चित्र छापलेले होते. या नोटा पंचवीस-पंचवीसच्या पुस्तिकांत बांधलेल्या असत, त्यामुळे डावी कड छिद्रांच्या ओळीवरून फाडल्यासारखी दिसली, तर तो दोष समजू नये. दोन्ही नोटा 1926 मध्ये बंद झाल्या.

एक रुपयाच्या नोटेवर गब्बे, मॅकवॉटर्स किंवा डेनिंग या सरकारी अधिकाऱ्यांपैकी एकाची सही आढळते. डेनिंग यांच्या सहीच्या नोटा तुलनेने कमी मिळतात. अडीच रुपयांची नोट मात्र फारच थोडा काळ चालली. तिच्यावर गब्बे यांची सही असते, दुसऱ्या कोणाची दिसल्यास संशय घ्यावा. चांगल्या स्थितीतील अस्सल नोटेचा लिलावातील भाव लाखांच्या घरात जातो, आणि त्यामुळेच तिच्या प्रतिकृतीही बाजारात पुष्कळ आहेत. प्रतिकृतीचा कागद सारखा गुळगुळीत असतो, जलचिन्ह कागदात नसून वरून छापलेले असते, आणि भिंगाखाली पाहिल्यास रेषांच्या जागी रंगीत ठिपक्यांची जाळी दिसते. आपली नोट खिडकीजवळ उभी धरून पाहावी. जलचिन्ह उजेडाविरुद्ध धरल्यावरच स्पष्ट व्हावे. नोट टेबलावर सपाट ठेवली असतानाही ते तितकेच ठळक दिसत असेल, तर आनंद करण्याची घाई करू नये.

सराफांनी फसवायचे ठरवले असेलच असे नाही. सोन्याचा कस लावणाऱ्याला कागदाचा कस कळावा, ही अपेक्षाच चुकीची आहे.

प्रश्न : ट्रॅक्टरचे चित्र असलेली पाच रुपयांची नोट, शिवाय क्रमांकात 786, अशी नोट लाखो रुपयांना विकली जाते, अशी जाहिरात मोबाइलवर आली. संपर्क केल्यावर आधी नोंदणी शुल्क आणि कराची रक्कम भरण्यास सांगितले. पावतीवर रिझर्व्ह बँकेचे बोधचिन्ह आहे. पैसे भरावेत का? (एक वाचक, धुळे)

उत्तर : एक रुपयाही भरू नये. रिझर्व्ह बँक जुन्या नोटांची खरेदी-विक्री करीत नाही, त्यासाठी कोणतेही शुल्क वा कमिशन मागत नाही आणि असे शुल्क गोळा करण्याचा अधिकार तिने कोणालाही दिलेला नाही. बँकेने 4 ऑगस्ट 2021 रोजी प्रसिद्धिपत्रक काढून नेमक्या याच प्रकाराविरुद्ध सावध केले होते. पैसे गेलेच असतील तर 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर ताबडतोब तक्रार नोंदवावी.

आता नोटेविषयी. ट्रॅक्टरची नोट अक्षरशः कोट्यवधींनी छापली गेली आहे. जे अजूनही घरोघरी सापडते, त्याला लाखाचा भाव येईल कोठून? 786 हा आकडा अनेकांना शुभ वाटतो. क्रमांक सहा आकडी असून तो 786786 असा पूर्ण जुळला, किंवा 000001, 111111, 123456 असा असला आणि नोट कोरी करकरीत असली, तर हौशी लोक दर्शनी मूल्याच्या पुष्कळ पट देतात. मधेच कोठे तरी 786 आला म्हणून वापरलेल्या नोटेला चहापाण्यापुरते पैसे जास्त मिळतील, इतकेच. याउलट क्रमांकाआधीची अक्षरे कधी कधी खरोखरच मोलाची ठरतात आणि तिकडे कोणी पाहत नाही. हज यात्रेकरूंसाठी रिझर्व्ह बँकेने दहा आणि शंभर रुपयांच्या स्वतंत्र नोटा काढल्या होत्या, ज्यांच्या क्रमांकाआधी इंग्रजी 'एच ए' ही अक्षरे असत. आखाती प्रदेशासाठी 1959 मध्ये काढलेल्या नोटांवर 'झेड' असे. घरातील वडीलधारे त्या काळी हजला जाऊन आले असतील, तर अशी नोट जुन्या कागदपत्रांत जरूर शोधावी.

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेत असतो. त्याला तेथील जुन्या सामानाच्या बाजारात 1929 सालाची वीस डॉलरची नोट मिळाली. तिच्यावर वर 'नॅशनल करन्सी' असे छापले असून शिक्का तपकिरी आहे आणि डावीकडे एका बँकेचे नाव आहे. एका देशाच्या नोटेवर खासगी बँकेचे नाव कसे, आणि हिची किंमत काय असावी? (एक वाचक, भुसावळ)

उत्तर : प्रथम ते बँकेचे नाव नीट वाचावे. 'फेडरल रिझर्व्ह बँक ऑफ' आणि पुढे शिकागो, न्यूयॉर्क असे एखाद्या मोठ्या शहराचे नाव असेल, तर ती फेडरल रिझर्व्ह बँकेची, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकव्यवस्थेची नोट आहे; तपकिरी शिक्का आणि 'नॅशनल करन्सी' हे शब्द तिच्यावरही असतात, आणि नवशिके येथेच फसतात. ती सहज मिळते, भावही बेताचाच असतो. याउलट 'फर्स्ट नॅशनल बँक ऑफ' अमुक गाव असे असेल, तर ती खरीखुरी राष्ट्रीय बँकेची नोट होय आणि तिचा अभ्यास करण्यासारखा आहे.

अमेरिकेत यादवी युद्ध चालू असताना, 1863 मध्ये, राष्ट्रीय बँकांचा कायदा झाला. त्यानुसार सनद मिळालेली बँक सरकारी कर्जरोखे सरकारी खजिन्यात तारण ठेवी आणि त्यांच्या आधारावर तिच्या नावाच्या नोटा सरकार छापून देई. नोट बँकेची, हमी रोख्यांची, असा तो मेळ होता. ही पद्धत 1935 पर्यंत चालली, आणि त्या काळात लहानमोठ्या गावांतील हजारो बँकांनी नोटा काढल्या. प्रत्येक नोटेवर बँकेचे नाव, गाव व राज्य, अध्यक्ष आणि कॅशियर यांच्या सह्या असत. सनदेचा क्रमांकही 1870 च्या दशकापासून छापला जाऊ लागला. जुन्या नोटांवर या सह्या पुष्कळदा शाईने हाताने केलेल्या आढळतात. 1929 च्या नोटांवर त्या छापील आहेत. त्या वर्षी नोटांचा आकारही लहान करण्यात आला.

यावरून लक्षात येईल की येथे किंमत डॉलरच्या आकड्यावर किंवा सालावर फारशी ठरत नाही; ती गावावर ठरते. मोठ्या शहरातील मोठ्या बँकेने भरमसाट नोटा काढल्या आणि त्यांतील पुष्कळ टिकल्या. म्हणून तशी 1929 ची वापरलेली वीस डॉलरची नोट दर्शनी मूल्यापेक्षा थोड्याफार जास्त रकमेला मिळते. परंतु एखाद्या आडगावची बँक पाच-सहा वर्षांत बुडाली असेल आणि तिच्या दोन-चारच नोटा उरल्याचे माहीत असेल, तर तीच नोट हजारो डॉलरला जाते. तेथे आपल्याच गावच्या, आपल्याच जिल्ह्याच्या नोटा जमवणारे लोक पुष्कळ आहेत, आणि किती नोटा उरल्या आहेत याच्या सनदक्रमांकनिहाय नोंदी अभ्यासकांनी ठेवल्या आहेत. आपल्याकडे मंडळाच्या नावाने जे होते तेच हे, फक्त फार बारकाईने. मुलाला सनदेचा क्रमांक घेऊन त्या नोंदींत शोध घेण्यास सांगावे. अगदी काहीच नाही निघाले तरी अमेरिकी सरकार आजही अशी नोट दर्शनी मूल्याला मानते, त्यामुळे वीस डॉलर कोठे गेलेले नाहीत.

प्रश्न : अजिंठ्याच्या घाटापलीकडे आमचे आजोळ आहे. तेथील जुन्या पेटीत उर्दू मजकुराची पाच रुपयांची नोट मिळाली. तिच्यावर मराठीतही 'रुपये' असे लिहिले आहे. ही कोठली? (एक वाचक, जामनेर)

उत्तर : ही निजामाच्या हैदराबाद संस्थानची नोट आहे. घाटाच्या अलीकडे कलदार म्हणजे इंग्रज सरकारचा रुपया आणि पलीकडे हाली सिक्का म्हणजे निजामाचा रुपया, असा दोन चलनांचा व्यवहार आपल्या सीमेवरच्या गावांनी पिढ्यान्पिढ्या केला. सात हाली म्हणजे साधारण सहा कलदार, हा हिशेब तेव्हाच्या दुकानदारांना तोंडपाठ असे. संस्थानात कागदी चलन 1918 च्या कायद्याने आले. राज्यात उर्दूखेरीज मराठी, तेलुगू व कानडी बोलणारी प्रजा असल्याने नोटेवर या भाषांतही मूल्य लिहिलेले असे. एक, पाच, दहा, शंभर आणि हजार अशा नोटा निघाल्या. एक व पाच रुपयांच्या वापरलेल्या नोटा आजही बऱ्यापैकी मिळतात. शंभराची दुर्मीळ, हजाराची तर फारच. काही नोटांवर गुलाम मुहंमद यांची सही आहे. हे गृहस्थ निजामाचे अर्थमंत्री होते आणि पुढे पाकिस्तानचे गव्हर्नर जनरल झाले. सही वाचण्यासाठी उर्दू जाणणाऱ्याची मदत घ्यावी, कारण भाव सहीप्रमाणे बदलतो.

प्रश्न : वडिलांच्या पश्चात कपाटात 2016 पूर्वीच्या पाचशे रुपयांच्या चाळीस नोटा निघाल्या. पुढे भाव येईल म्हणून ठेवाव्यात का? (एक वाचक, शिरपूर)

उत्तर : ठेवू नयेत. 2017 च्या कायद्यानुसार 2016 मध्ये रद्द ठरलेल्या पाचशे व हजाराच्या मिळून दहापेक्षा जास्त नोटा बाळगता येत नाहीत. अभ्यास, संशोधन किंवा नाणेशास्त्राच्या कामासाठी ही मर्यादा पंचवीस आहे. उल्लंघनास किमान दहा हजार रुपये दंड आहे. चाळीस नोटांचे काय करावे हे वकिलांना विचारावे. संग्रहाच्या दृष्टीने, एखादी विशेष क्रमांकाची किंवा छपाईत चूक झालेली नोट सोडता, त्यांत आज तरी काही नाही.

प्रश्न : काका बँकेत होते. त्यांनी एक रुपयाच्या कोऱ्या नोटांच्या काही गड्ड्या जपून ठेवल्या. प्रत्येक गड्डीवर सही वेगळी दिसते, शिवाय सगळ्या नोटांना टाचणीची भोके आहेत. (एक वाचक, रावेर)

उत्तर : एक रुपयाची नोट रिझर्व्ह बँकेची नसून भारत सरकारची असते, म्हणून तिच्यावर गव्हर्नरांची नव्हे तर अर्थखात्याच्या सचिवांची सही असते. यातून काही गमतीदार जोड्या तयार होतात. डॉ. मनमोहन सिंग यांची सही सचिव म्हणून एक रुपयाच्या नोटेवर आहे आणि गव्हर्नर म्हणून मोठ्या नोटांवरही आहे. के. जी. आंबेगावकर 1957 मध्ये दीडेक महिना गव्हर्नर होते, पण त्या नात्याने त्यांची सही एकाही नोटेवर नाही. ती शोधायची तर सचिव म्हणून त्यांनी केलेल्या सहीची स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांतील एक रुपयाची नोटच पाहावी लागते. आपल्या गड्ड्यांत आंबेगावकर किंवा त्यांच्याआधीचे के. आर. के. मेनन यांची सही निघाली, तर ती गड्डी सोडू नये आणि सुटीही करू नये. सत्तर-ऐंशीच्या दशकांतील असतील तर एकेका नोटेला फार नाही, परंतु अनुक्रमाने शंभर नोटा असलेल्या अखंड गड्डीला चांगली मागणी असते.

भोकांची काळजी करू नये. बँका पूर्वी गड्ड्या तारेने टाचत असत. रिझर्व्ह बँकेने 2001 मध्ये ही पद्धत बंद करायला लावली. त्यापूर्वीच्या कोऱ्या नोटेला दोन भोके असणारच, आणि संग्राहक ते गृहीत धरतात. टाचणी गंजून तांबूस डाग पसरला असेल तर मात्र भाव उतरतो. ती स्वतः उपटून काढू नये, कागद फाटतो.

प्रश्न : जुन्या नोटा कशा जपाव्यात? लॅमिनेशन केले तर चालेल का? (शहादा व साक्री येथून एकाच आशयाची दोन पत्रे)

उत्तर : लॅमिनेशन केलेली नोट संग्राहकाच्या दृष्टीने संपली. इस्त्री करणे, धुणे, चिकटपट्टी लावणे, खोडरबराने डाग पुसणे यांचेही तेच. दर्जा ठरवताना सर्वप्रथम कागदाचा मूळ कडकपणा पाहिला जातो. धुऊन दाबलेली नोट वरवर स्वच्छ दिसली, तरी तिचे उठावदार छपाईचे खडबडीत टोक बोटाला लागत नाही, आणि सत्तर गुणांच्या मोजपट्टीवर ती एकदम खाली घसरते. मऊ प्लॅस्टिकच्या स्वस्त पाकिटांतून कालांतराने तेलकट द्रव सुटतो, म्हणून पॉलिएस्टरची पारदर्शक पाकिटे वापरावीत. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो, त्यामुळे पत्र्याच्या छताखालची लोखंडी पेटी सर्वांत वाईट. आतल्या खोलीतील लाकडी कपाटाचा मधला खण बरा. डांबराच्या गोळ्या नोटेला टेकू देऊ नयेत. कसर आणि वाळवी यांसाठी पावसाळ्याआधी व नंतर एकदा अल्बम उघडून पाहणे पुरते.

प्रश्न : विकायच्या असतील तर जावे कोठे? (एक वाचक, पाचोरा)

उत्तर : मोठ्या शहरांत नाणी-नोटांची प्रदर्शने भरतात, तेथे एकाच दिवशी अनेक व्यापाऱ्यांना नोट दाखवता येते. पहिल्याने सांगितलेला भाव ऐकावा, पण नोट देऊ नये. फार मौल्यवान वाटणारी नोट आधी दर्जा ठरवून घेऊन मग लिलावगृहाकडे द्यावी. त्यांचे कमिशन किती आणि न विकल्यास काय, हे लेखी घ्यावे. पाठवण्यापूर्वी दोन्ही बाजूंचे, क्रमांक स्पष्ट दिसतील असे छायाचित्र काढून ठेवावे. नुसता अभ्यास करायचा असेल, तर नाशिकजवळ अंजनेरी येथे नाणेशास्त्राची संशोधन संस्था आणि संग्रहालय आहे, आणि मुंबईत रिझर्व्ह बँकेचे चलन संग्रहालय आहे. तेथे भाव सांगत नाहीत, पण अस्सल नोट कशी दिसते हे डोळ्यांत भरून घेता येते, आणि पाचोऱ्याहून सकाळच्या गाडीने नाशिकला जाऊन रात्री परत येता येते.